मटणाबद्दल, दुकानाबद्दल आणि माझ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. गिऱ्हाइकानं काही विचारलं की दुकानातली पोरं ते त्यात टिपून ठेवतात. ही तिसरी वही. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि गर्दीच्या वेळी काउंटरवर धड उत्तर देता येत नाही. म्हणून इथे सवडीनं लिहिते आहे.

तुम्ही मूळच्या कुठल्या? बोलणं सोलापूरचं वाटत नाही.

हैदराबादची. आम्ही आरे कटिका. तेलुगू मुलखात मराठी माणसांना ‘आरे’ म्हणायचे, आणि कटिका म्हणजे खाटीक. किती पिढ्यांपूर्वी आमची माणसं इकडून तिकडे गेली हे घरात कुणालाच नेमकं ठाऊक नाही, पण घरातली बोली मराठीचीच राहिली, तेलुगू आणि दख्खनी मिसळलेली. त्यामुळे लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी सोलापूरला यायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं होतं की भाषेचा तरी त्रास होणार नाही. झाला. भाजी मंडईत मी तोंड उघडलं की बाई विचारायच्या, ‘कर्नाटकच्या का तुम्ही?’ आणि कर्नाटकातून आलेल्या शेजारणी विचारायच्या, ‘आंध्रच्या का?’

पण बाहेरून आलेल्या माणसाला सामावून घ्यायची सवय या गावाला जुनी आहे. 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली, माग वाढले, आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर इथे येऊन स्थिरावले. आजही पूर्व भागात दुकानाच्या पाट्या तेलुगूत दिसतात. अक्कलकोटच्या बाजूनं येणारी माणसं कन्नड बोलतात. माझी पहिली टपरी पूर्व भागात होती ती त्यामुळेच. तिथे मी तेलुगूत भाव सांगितला की समोरच्या आजीचा चेहरा बदलायचा. पहिली गिऱ्हाइकं मला माझ्या भाषेनं मिळवून दिली. ती टिकली ती मटणामुळे.

बाई होऊन मटणाचं दुकान? घरच्यांनी चालू दिलं?

वडिलांनी मला सुरा धरायला शिकवलं तेव्हा मी चौथीत होते. आमच्या घरात वजडी धुणं, मुंडी भाजणं, पाये सोलणं ही बायकांचीच कामं. ओंड्यावर, म्हणजे मटण कापायच्या लाकडी ठोकळ्यापुढे, बसणं मात्र पुरुषांचं. नवऱ्यानं एकदाच विचारलं, ‘जमेल ना?’ त्यानंतर त्यानं हिशेबाचं काम अंगावर घेतलं. दुकानात अजूनही काही जण माझ्याकडे न बघता पोराला विचारतात, ‘मालक कुठेत?’ पोरं माझ्याकडे बोट दाखवतात. मग गिऱ्हाईक ‘ताई’ म्हणतं, पूर्व भागातली माणसं ‘अक्का’ म्हणतात, आणि काम पुढे चालू होतं.

हे फ्रिजचं मटण आहे का? आम्हाला डोळ्यांदेखत कापलेलं ताजं लागतं.

वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला हा प्रश्न. याचं उत्तर जरा लांबलचक आहे, पण हे एकदा कळलं की बाकीच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

हो, आमचं मटण थंड केलेलं असतं. शिळं नसतं. सोलापुरात या दोन शब्दांचा अर्थ एकच धरतात आणि त्याचा मला फार त्रास झाला. पहिल्या वर्षी कितीतरी माणसं मांसाला हात लावायची, गार लागलं की हात मागे घ्यायची आणि निघून जायची.

बोकड कापल्यावर त्याचे स्नायू काही तास मऊ असतात. मग ते ताठरू लागतात. स्नायूंची साठवलेली ताकद संपते, तंतू एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. तुम्ही सकाळी सातला डोळ्यांदेखत कापलेलं मटण घेतलंत, घरी नेलंत, आलं-लसूण वाटेपर्यंत अकरा वाजले, तर नेमकं ताठरत असतानाच ते पातेल्यात जातं. मग कुकरच्या सहा-सहा शिट्ट्या होतात आणि तरी ‘आज मटण जून निघालं’ म्हणून आपण खाटकाला बोल लावतो. तेच मटण थंडीत एक रात्र टांगून ठेवलं की मांसातलीच विकरं (एन्झाइम) ते तंतू हळूहळू सैल करतात. वाटण नाही, पपई नाही, सोडा नाही. नुसता वेळ.

यात एक चूक मी स्वतः केली आहे. शीतखोली नवी होती तेव्हा वाटलं, जितक्या लवकर गार तितकं चांगलं. बोकड आले तसे थेट दोन अंशांत टांगले. मटण रबरासारखं झालं. चेंगिचेर्लाच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत मी प्रशिक्षण घेतलं होतं, तिथे हे शिकवलेलंही होतं, पण घाईत विसरले: कापल्यानंतर स्नायू पुरते ताठरायच्या आधीच 10 अंशांखाली नेले तर ते आक्रसतात आणि मग कितीही शिजवा, चिवटच राहतात. बोकडाच्या अंगावर चरबीचा थर पातळ, त्यामुळे तो गार होतोही पटकन. आता आम्ही पहिले सहा-आठ तास 12 ते 15 अंशांत ठेवतो आणि त्यानंतर 0 ते 4 अंशांत नेतो. एकूण चोवीस तास.

तेव्हा रविवारी सकाळी तुम्हाला जे मिळतं ते शनिवारी पहाटेचं असतं. हे आम्ही पाटीवर लिहून ठेवतो. ज्यांना पटलं नाही त्यांना मी पाव किलो देऊन म्हणायची, नेहमीच्या मटणाच्या शेजारी दुसऱ्या पातेल्यात शिजवा आणि मग या. बहुतेक जण परत आले. काही आले नाहीत.

जनावराला आदल्या दिवशी ‘विसावा’ देता असं ऐकलं. कशासाठी?

दोन कारणांसाठी, आणि दोन्ही माझ्या लेखी सारखीच मोठी.

पहिलं जनावरासाठी. टेम्पोत उभं राहून, हादरे खात, तहानलेलं आलेलं जनावर घाबरलेलं असतं. त्याला सावलीत उभं करावं, पाणी द्यावं, कळपातल्या ओळखीच्या जनावरांजवळ ठेवावं, हे त्याचं आपल्यावरचं देणं आहे. कत्तलखान्यासाठीच्या 2001 च्या नियमांतही विसाव्याची आणि पशुवैद्यकानं तपासण्याची अट आहे. एका पशुवैद्यकानं तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असंही त्यात म्हटलेलं आहे. गाभण शेळी, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली शेळी कापता येत नाही. ही कलमं मी छापून पोरांच्या खोलीत लावली आहेत.

दुसरं कारण मांसाचं. दमलेल्या, भेदरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर जिवंतपणीच खर्च होऊन जाते. विसावा घेतलेल्या जनावराच्या मांसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा उतरला की आंबटपणा वाढला) 7 च्या आसपासून उतरत उतरत दिवसभरात 5.5 ते 5.8 पर्यंत येतो. या आंबटपणामुळेच मांस टिकतं आणि त्याला चव येते. दमलेल्या जनावरात सामू सहाच्या वरच अडकतो. ते मांस गडद, कोरडं, चिकट लागतं आणि लवकर खराब होतं. माझे वडील सामू वगैरे काही जाणत नव्हते, पण धावलेला बोकड घेत नसत. ‘पळून आलेल्याचं मटण बसत नाही’, एवढंच म्हणायचे.

आमची जनावरं गुरुवारी येतात, शुक्रवारचा दिवस आराम करतात. शुक्रवारी संध्याकाळी चारा बंद, पाणी चालू.

बोकड कुठला असतो?

बहुतेक उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, जातीचं नाव तेच राहिलं. काळा, उंच, कोरड्या मुलखात बाभळीच्या शेंगा आणि झुडपांचा पाला खाऊन वाढणारा. सोलापूर हा याच जातीचा मुलूख. बार्शी, मोहोळ, उत्तर सोलापूर तालुक्यांतल्या गावांत ज्यांच्याकडे पाच-दहा शेळ्या आहेत अशा घरांतून आम्ही घेतो. शेळ्या बहुतेक बायकांच्या नावावर, म्हणजे हिशेबही त्यांच्याशीच.

आम्ही आदत, म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला, किंवा नुकताच दोन दाती झालेला घेतो, म्हणजे साधारण वर्षभराचा. चार दातीच्या पुढचा नाही. खच्ची केलेला असेल तर उत्तम, त्याच्या मांसाला उग्र वास येत नाही आणि चरबी चांगली धरते.

मेंढीचं मटण मागणारेही आहेत. त्यांच्यासाठी जत तालुक्यातली माडग्याळी. उंच पाय, पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग. धनगरांशी सौदा करायला मी पहिल्यांदा सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गेले तेव्हा हेड्यांचा, म्हणजे जनावरांच्या दलालांचा, तो रुमालाखालचा व्यवहार पाहिला: दोघांचे हात कापडाखाली, बोटांनी भाव, शेजारच्याला पत्ता नाही. मला तो कधीच जमला नाही आणि जमवून घ्यायचाही नव्हता. मी जनावर काट्यावर घेते. किलोला इतके, समोर वजन, समोर पैसे. सुरुवातीला हेडी माझ्याशी बोलायचेही नाहीत. आता चार-पाच गावांतल्या बायका स्वतःच फोन करतात, ‘अक्का, दोन झालेत पंचवीसचे, कधी येताय?’

इतरांपेक्षा भाव जास्त का?

पंचवीस किलोच्या जिवंत बोकडातून साधारण बारा किलो मटण निघतं. त्यातली जास्तीची चरबी, शिरा, रक्ताळलेला भाग आम्ही काढून टाकतो. रात्रभर टांगल्यावर थोडं पाणी उडतं, तेही वजनातून जातं. म्हणजे ओंड्यावर गरम गरम विकलं असतं तर त्या पाण्याचेही पैसे मिळाले असते. त्यात शीतखोलीची वीज, आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

मात्र हाडाच्या नावाखाली मुंडीचे तुकडे आणि पडदे घालून वजन भरलं जात नाही. किलोत हाड किती, हे मागितल्यास वेगळं तोलून दाखवतो. महिन्यातून एकदा घेतलंत तरी चालेल, माझा काही आग्रह नाही. पाव किलो मागणाऱ्याला मी कधी परत पाठवलेलं नाही.

कुठला भाग कशाला घ्यावा?

हे सांगायला मला मनापासून आवडतं. लोक ‘एक किलो द्या, मिक्स’ म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. बोकडाच्या अंगात जो स्नायू जास्त राबतो तो चिवट आणि चवदार. जो कमी राबतो तो मऊ आणि सौम्य.

मान, म्हणजे गर्दन, दिवसभर खाली-वर होते. तिला वेळ लागतो, पण काळ्या तिखटाच्या पातळ रश्श्यासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. पुढचा पाय, ज्याला दस्त म्हणतात, तोही तसाच. यातल्या पांढऱ्या जाळीचा मंद आचेवर, वेळ देऊन शिजवलं की डिंकासारखा रस होतो आणि रश्श्याला अंग येतं. म्हणूनच बार्शीकडे येसूर लावून करतात त्या आमटीला मी नेहमी दस्त आणि नळ्या देते. येसूर स्वतःच दाटपणा आणतो, पण नळीचा रस नसला तर ती आमटी नुसती पिठाळ लागते.

सीना चरबीचा. भाकरी कुस्करून खाणाऱ्यांनी सीना घ्यावा, कडक भाकरी असेल तर हमखास. चाप म्हणजे बरगड्यांचा मणक्याकडचा भाग, सगळ्यात मऊ. तो रश्श्यात घालून वाया घालवू नका. तव्यावर, नुसतं मीठ, मिरी, लिंबू. मागचा पाय म्हणजे रान, यात मांस जास्त, जाळी कमी. सुक्या मटणाला आणि खिम्याला हेच. हैदराबादेत तापलेल्या दगडी लादीवर भाजतात ते पत्थर का गोश्तही याच रानाच्या पातळ पट्ट्यांचं.

अळणीसाठी, म्हणजे बिनतिखटाच्या रश्श्यासाठी, मात्र भाग निवडत बसू नका. मानेचे दोन तुकडे, दोन नळ्या, एक मूठ सीना, हळद, मीठ, कांदा. बाळंतिणीला, आजारी माणसाला, आणि खरं तर कुणालाही.

पिशवी उघडली तर मटण काळपट-जांभळं दिसलं. जुनं दिलंत का?

नाही. हवा काढून बंद केलेल्या पिशवीत मांसाला हवा मिळत नाही, म्हणून ते जांभळट दिसतं. ताटात पसरून वीस मिनिटं ठेवा, लाल होईल. पिशवीत साठणारं लालसर पाणीही रक्त नाही. मायोग्लोबिन नावाचं मांसातलंच रंगद्रव्य पाण्यात उतरतं. पण आंबूस वास आला, बोटाला तार लागली, तर ते शिजवू नका. तसंच घेऊन या.

हलाल आहे का? / झटका मिळेल का?

कापणी परवाना असलेल्या कत्तलखान्यात मुलाणी करतात, म्हणजे हलाल. सोलापूरकडच्या गावांत कंदुरी असो की देवीचा नवस, सुरी मुलाण्याच्याच हातात असायची. आम्ही तीच रीत ठेवली आहे. झटका आमच्याकडे नसतो. ज्यांना हवा त्यांना आधीच तसं सांगतो, फसवून विकत नाही. गाय-बैल किंवा डुकराचं मांस आमच्याकडे नाही आणि त्याचं काही यंत्रही दुकानात नाही.

पाटीवर आधी ‘गुर्मे मीट’ लिहिलं होतं. आता का नाही?

पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाच्या सल्ल्यानं लिहिलं होतं. खवय्यांसाठीचं निवडक असा त्याचा अर्थ. पण माणसं बाहेर थांबून आत यायला बिचकू लागली. आपल्याला परवडणारं दुकान नाही असं त्यांना वाटे. एका विडी कामगार बाईंनी मला तसं स्पष्ट सांगितलं. त्याच आठवड्यात पाटी उतरवली. आता नुसतं ‘मटण’ लिहिलं आहे, आणि खाली कापणीची तारीख आणि वेळ.

‘वट्टी तुनकलु’ म्हणजे काय?

तेलुगूत वट्टी म्हणजे वाळलेलं किंवा नुसतं, तुनकलु म्हणजे तुकडे. वाळवलेलं मटण. रानाचं मांस बोटभर लांब पट्ट्यांत कापायचं, मीठ, हळद, तिखट, थोडं आलं-लसूण चोळायचं, दोरीवर किंवा काठीवर ओवून उन्हात वाळवायचं. पूर्वी लग्नकार्यात उरलेलं मटण वाया जाऊ नये म्हणून घरोघर करायचे. छपरावर दोऱ्या बांधलेल्या, खाली मुलांना कावळे हाकायला बसवलेलं, असं माझं लहानपण गेलं.

इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी गच्चीवर स्वतःच्या घरापुरते केले. शेजारच्या पद्मशाली आजींना वास गेला. त्या जिना चढून वर आल्या, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बसूनच राहिल्या. त्यांची सासू करायची म्हणे. सासू गेल्यावर घरात कुणी केले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या चुलत जावेला आणलं. त्या महिन्यात मी सात घरांना दिले आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की यातून धंदा उभा राहू शकतो.

आता गच्चीवर नाही वाळवत. धूळ, माश्या. जाळीच्या बंद कपाटात गरम हवेवर वाळवतो. खरं सांगायचं तर चव उन्हातल्यासारखी तंतोतंत येत नाही. ती जवळ आणायला मला दोन वर्षं लागली: शेवटचे काही तास काचेखाली उन्हात ठेवल्यावर ती थोडी आली.

शिजवायची पद्धत सोपी आहे. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी टाकून द्या म्हणजे जास्तीचं मीठ जाईल. पाट्यावर किंवा खलबत्त्यात हलकं ठेचा. तेलात कांदा, लसूण, काळं तिखट परतून त्यात घाला, वर गरम पाण्याचा हबका, झाकण. आमच्याकडे यात अंबाडी किंवा चिंच घालतात. सोलापूरच्या गिऱ्हाइकांनी मला यात भरडलेल्या शेंगा, म्हणजे शेंगदाणे, घालायला शिकवलं. शेंगांची ही जोड आमच्या हैदराबादच्या घरात कुणाला सुचली नव्हती. आता आई तिकडे तसंच करते.

रमजानमध्ये हैदराबादी हलीम मिळतं का?

हलीम मिळतं, पण ‘हैदराबादी हलीम’ या नावानं नाही. त्या नावाला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सोलापुरात बनवलेल्याला ते नाव लावणं चूक आहे. आमच्या डब्यावर ‘बोकडाचं हलीम’ असतं. गहू, डाळी, मटण, तूप, आणि लाकडी घोटण्यानं घोटायला दोन माणसं.

घरी किती दिवस टिकेल?

फ्रिजच्या सगळ्यात गार कप्प्यात दोन दिवस. जास्त ठेवायचं तर पहिल्याच दिवशी बर्फाच्या कप्प्यात. लागेल तेवढ्याच पुड्या करून, कारण एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. वितळवताना ओट्यावर ठेवू नका, आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. कलेजी, गुर्दा, भेजा त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात दुकानात येताना डबा आणलात तर त्यात बर्फ घालून देतो, त्याचे पैसे नाहीत.

कधी खराब माल गेला आहे का?

गेला होता. एका मे महिन्यात रात्री वीज गेली, जनित्र सुरू झालं नाही, आणि राखणीला असलेल्या पोरानं मला उठवायला उशीर केला. मुख्य दोष माझा, कारण जनित्र महिन्यातून एकदा तपासायचं ठरलं होतं आणि मी दोन महिने तपासलं नव्हतं. पहाटे खोलीत अकरा अंश होते. किती वेळ तसं होतं ते कळायला मार्ग नव्हता. वरून मटण ठीक दिसत होतं. सकाळी लवकर आलेल्या चार गिऱ्हाइकांना ते दिलं गेलं आणि मग माझ्या मनानं घेतलं नाही. उरलेलं सगळं नष्ट केलं, त्या चौघांच्या घरी स्वतः जाऊन मटण परत आणलं, पैसे परत दिले. कुणाला काही झालं नाही. त्या रविवारी दुकान बंद होतं.

तेव्हापासून खोलीत तापमान नोंदणारं यंत्र आहे, पाच अंशांच्या वर गेलं की माझ्या फोनवर घंटा वाजते. नोंदींचा कागद काउंटरला लावलेला असतो. वाचत जा.

कोणत्या दिवशी बंद असतं?

सोमवारी. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात त्या दिवसांत. हे कुणी सांगितलं म्हणून नाही, सोलापूरनं मला ठेवून घेतलं, तर गावाच्या देवाच्या दिवशी शटर खाली असावं असं मला वाटतं. श्रावणात आठवड्यातून तीनच दिवस उघडं असतं. त्या महिन्यात मी शेळ्यावाल्या घरांना भेटी देते, पोरं सुट्टीवर जातात. आखाडात आणि धुळवडीला मात्र पहाटे पाचपासून.

मलाही असा व्यवसाय सुरू करायचा आहे. भांडवल, परवाने?

बरेच तरुण विचारतात, काही बाहेरगावाहून इथे आलेले. त्यांना आधी एवढंच सांगते की सहा महिने कुणाच्या तरी ओंड्यावर काम करा. सांध्यातून सुरी फिरवून हाड न फोडता पाय वेगळा करता आला पाहिजे. हाडाचा चुरा मटणात गेला की गिऱ्हाईक गेलं.

अन्न सुरक्षा परवाना जागेच्या पत्त्यावर मिळतो, चौदा आकडी क्रमांक असतो, तो बिलावर आणि पाटीवर लागतो. महापालिकेची परवानगी वेगळी. भाडेकरार पक्का नोंदवून घ्या. परगावच्या माणसाचं इथेच अडतं. मी गेले त्या एका बँकेत साहेबांनी कागद न उघडताच विचारलं, ‘उद्या हैदराबादला निघून गेलात तर?’ तेव्हा मला इथे येऊन सहा वर्षं झाली होती, मुलं इथल्या शाळेत होती. उत्तर सुचलं नाही, परत आले. दुसऱ्या ठिकाणी शेवटी कर्ज झालं ते शेळ्या विकणाऱ्या बायकांच्या पावत्यांमुळे. तीन वर्षांच्या पावत्या, वजनासकट, मी जपून ठेवल्या होत्या. त्या अधिकारी बाईंनी एकेक उलटून पाहिली.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत, जिला पीएमएफएमई म्हणतात, प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान बसतं. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे, आधी बँक हवी. जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात चौकशी करा.

शिकायला यायचं असेल तर मंगळवारी दुपारी या. त्या वेळी दुकान शांत असतं. मुलगी असेल तर अवश्य यावं, तिच्यासाठी एक सुरा वेगळा ठेवला आहे.

जावळाला किंवा कंदुरीला पूर्ण बोकड हवा आहे.

आठ दिवस आधी सांगा. माणसं किती ते सांगा, किलोचं आम्ही काढतो. भाकरीचं जेवण असेल तर मटण थोडं कमी चालतं, नुसत्या भातावर रस्सा जास्त जातो. देवाला किंवा पिराला दाखवायचा बोकड जिवंत न्यायचा असेल तर तो आदल्या दिवशीच घेऊन जा आणि रात्री सावलीला, पाण्याजवळ बांधा. मुंडी-पाये भाजून हवे असतील तर तेव्हाच सांगा, भट्टी शुक्रवारी दुपारीच लागते. रविवारच्या साध्या ऑर्डरी गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत घेतो. त्यानंतर फोन केलात तरी घेऊ, पण त्या बोकडाला विसाव्याचा दिवस मिळणार नाही, म्हणून मटण सोमवारवर जाईल, आणि सोमवारी आम्ही बंद असतो. तेव्हा ते मंगळवारी न्यावं लागेल.